नायलॉनची दशी

देऊळघाटच्या मावळतीला मुरमाची एक टेकडी आहे. उंच म्हणावी तर दोन घरांएवढी, पण तिच्यावर उभं राहिलं की पश्चिमेकडे एकही झाड आडवं येत नाही. फकीर मोहम्मद पिंजारी दर महिन्याला एका संध्याकाळी तिथे चढत. नवा चांद पाहायला.

रमजानचा आणि ईदचा चांद असला की सगळा मोहल्ला त्यांच्या मागे उभा राही. बाया, पोरं, दुकानाची फळी लावून आलेले बापे. चांद आधी फकीर मोहम्मदला दिसतो, हे गावाला ठाऊक होतं. ते बोलत काहीच नसत. हात वर करत, बोट लांबवत. मग सगळ्यांचे डोळे त्या बोटावरून, बांधावरून चालावं तसे, हळूहळू आकाशात जात आणि कोरीपाशी पोचत.

बाकीच्या महिन्यांचा चांद मात्र त्यांचा एकट्याचा. "ईदले तो पाहुणा असते," ते म्हणत. "बाकीच्या महिन्यात घरचा असते. घरच्याले दारात पाहायले कोणी नको का?"

यंदा शाबानचा, रमजानच्या आधीच्या महिन्याचा, चांद माघातल्या बीजेला आला. थंडीचे दिवस होते, रजयांचा हंगाम अजून सरला नव्हता. पिंजाईची मशीन बंद करून ते तसेच निघाले. भुवयांवर, दाढीवर कापसाचे तंतू. दिवाळीनंतर उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता, तेव्हापासून त्यांना जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

कोर दिसली. नावेसारखी, तळाशी उजळलेली. तिच्या वर चांदाचं उरलेलं अंग होतं, राखेत झाकलेल्या निखाऱ्यासारखं, आहे म्हटलं तर आहे. फकीर मोहम्मदनी दुआ मागायला हात उचलले, आणि तेवढ्यात त्या काळ्या अंगावर एक ठिणगी उडाली. पिवळट, बारीक. डोळा मिटून उघडावा एवढी राहिली आणि विझली.

कापसात कधी खडा लपलेला असतो. तो मशीनच्या दातांवर आला की अशीच ठिणगी उडते. आवाज होतो, मग ठिणगी. इथे आवाज नव्हता.

ते अंधार पडेपर्यंत उभे राहिले. पुन्हा काही झालं नाही.

सकाळी आमीरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी हे सांगितलं. सांगायला नको होतं. आमीर त्यांच्या चुलतभावाचा मुलगा, जिभेचा तिखट, मनाचा गोड. गाळणी कपावर धरून तो म्हणाला, "चाचा, चांदावर वेल्डिंग चालू असंल. गेट बसवून राह्यले असतील."

बाकावर उकंडराव बसले होते. फकीर मोहम्मदच्या घराला घर लागून असलेले, चाळीस वर्षांपासूनचे शेजारी, हरभऱ्याच्या रानातून सरळ चहाला आलेले. ते म्हणाले, "वेल्डिंग नाई बे. लाईनमन चढला असंल. आपल्या डीपीवर येत नाई, म्हणे चांदावर जातो."

सगळे हसले. फकीर मोहम्मदही हसले. थट्टेनं त्यांना कधी काही झालं नव्हतं. पण हसणं संपल्यावर आमीरने कप त्यांच्या हातात दिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "चाचा, खरं सांगू? डोळ्याले जपा. रमजानचा चांद यंदा मोबाईलवर पाहून घेऊ. तुमी कायले थंडीत टेकडी चढता?"

हे थट्टेत म्हटलं असतं तर चाललं असतं. ते मायेनं म्हटलं होतं, म्हणून लागलं.

घरी सुनेला कळलं तेव्हा ती हसली नाही. गुलनाज बुलढाण्याला शाळेत विज्ञान शिकवत असे. रोज स्कूटीवर जाई, येताना भाजी आणी. तिनं भाजीची पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "अब्बा, ठिणगी एकदाच दिसली का परत परत दिसते?"

"एकदाच."

"डोळे मिटल्यावर?"

"मिटल्यावर कायची दिसते, बेटा? मिटल्यावर अंधार."

"उद्या डॉक्टरकडे जाऊ."

ऑपरेशननंतर डोळ्याच्या पडद्याला काही झालं तर असा उजेड चमकतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं सांगितलं नाही, पण रात्रभर तिची कूस बदलण्याची चाहूल भिंतीपलीकडे लागत राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थेंब टाकले, बाहुली मोठी केली, दिव्याखाली बराच वेळ पाहिलं. "पडदा उत्तम आहे," ते म्हणाले. "डोळ्यात काही नाही. आता आकाशात काय होतं ते मला विचारू नका, तिथपर्यंत माझी बॅटरी पोचत नाही."

परतताना स्कूटीवर मागे बसलेल्या फकीर मोहम्मदना थेंबांमुळे सगळं पांढरं दिसत होतं. गुलनाज वाऱ्यावर ओरडून बोलत होती.

"अब्बा, मग ते बाहेरचंच असंल. चांदावर दगड पडतात."

"कोण फेकते?"

"कोणी नाही फेकत. आभाळात फिरत असतात. आपल्याकडं येतात तेव्हा हवेत जळतात, त्याले आपण तारा तुटला म्हणतो. चांदावर हवाच नाही. तिथं कोणी अडवाले नाही, जाळाले नाही. दगड थेट जमिनीवर येते. इतक्या जोरात येते की लागला की भक्कन उजेड होते, अन् खाली खड्डा."

"मोठा असंल."

"असं काही नाही. हातात मावंल एवढा धोंडाबी पुरते. पण डोळ्याले दिसावा म्हणजे जरा भोपळ्याएवढा तरी पायजे." घाटाचं वळण आलं तशी ती गप्प झाली, वळण सरल्यावर पुन्हा सुरू झाली. चांदाच्या अंगावर जे डाग, जे वण आहेत, ते सगळे असेच मार खाल्लेले आहेत. मंगळावर यंत्र ठेवलं होतं, त्याला दगड पडल्याची जमिनीतली थरथर ऐकू आली. आणि गुरूवर तर ती लहान असताना एक आख्खा धूमकेतू तुटून पडला होता, एकामागे एक तुकडा, माळ तुटावी तसा. त्या ग्रहावर काळे डाग पडले, एकेक पृथ्वीएवढा. महिनोन्‌महिने राहिले, मग तिथल्या वाऱ्यानं पुसले.

"चांदावरचे नाई पुसले?"

"चांदावर वारा कुठी आहे, अब्बा? तिथं लागलं की लागलं."

फकीर मोहम्मदनी पांढऱ्या आभाळाकडे तोंड वर केलं. मग म्हणाले, "बिचारा."

गुलनाजने रात्री मोबाईलवरून काही जणांना निरोप पाठवला. दूरदूरच्या शहरांत अशी माणसं होती, जी संध्याकाळी दुर्बिणीला कॅमेरा लावून चांदाचा काळा भागच पाहत बसत, ठिणगी दिसते का म्हणून. उत्तर आलं, आपुलकीचं होतं. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे ढग होते. कोणाच्याच कॅमेऱ्यात काही आलं नव्हतं. आणि नियम असा की वेगवेगळ्या जागच्या दोघांनी एकच ठिणगी पाहिली तरच ती मोजायची. एकट्याला दिसलेली ठिणगी कॅमेऱ्याची चूक असू शकते, आणि डोळ्याची तर असतेच असते.

तिनं वाचून दाखवलं. फकीर मोहम्मद मान हलवत ऐकत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "आपल्यातबी ईदच्या चांदाले दोन गवाही लागतात. एकट्याच्या डोळ्यावर सगळ्यांची ईद कशी करावी?"

"पण अब्बा, डॉक्टर म्हणाले ना, डोळा साफ आहे."

"डोळा साफ आहे. पण डोळ्यामांगचा माणूस बुढा झाला असंल, त्याचं काय?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पाह्य बेटा, मी बोट वर करतो अन् त्या बोटावर सारा मोहल्ला रोजे धरते. ज्याले आपल्याच डोळ्याचा भरोसा नाही, त्यानं बोट वर करू नये. रमजानले मी टेकडीवर नाई जात. आमीर मोबाईलवर पाहून सांगंल."

त्यानंतर ते मशीनवर बसले की खाली मान घालून कापूस लोटत. संध्याकाळी चांद पोटुशी बाईसारखा भरत गेला, पुनवेला अंगणभर सांडला, मग झिजत गेला. ते दारात आले नाहीत. गुलनाज दोनदा म्हणाली, "अब्बा, बाहेर पाहा तरी." ते म्हणत, "थंडी आहे."

शाबान सरत आला. दोन दिवसांवर रमजानची चांदरात होती.

त्या दुपारी उकंडरावांची रुखमाबाई दुकानात आली. महिनाभर ती गावात नव्हती. सून पुष्पांजली नांदुऱ्याला, पोरगा तिथे रेल्वेत. बाळंतपणासाठी रुखमाबाई माघातल्या बीजेच्या दुसऱ्याच पहाटे एसटीनं गेली होती ती आदल्या रात्री परत आली. शाळेला सुट्टी होती म्हणून गुलनाजही दुकानात बसून रजईला टाके घालत होती. कोपऱ्यात पाठोपाठ आलेले उकंडराव गादीच्या गठ्ठ्यावर टेकले.

"नातू झाला, फकीरभाऊ," रुखमाबाई म्हणाली. "काळासावळा आहे, आज्यासारखा. रडतेबी आज्यासारखाच, कारण नसतानी."

"माशाल्ला! मुबारक हो."

"त्याच्यासाठी लहानी गादी करून द्या. खोळ याची करा." तिनं पिशवीतून जुनं सुती लुगडं काढलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. फकीर मोहम्मदनी ते दोन बोटांत धरून चोळलं आणि डोळे मिटले. चांगलं सूत बोटांना आधी कळतं.

रुखमाबाई जाईना. पदराशी चाळा करत उभी राहिली.

"फकीरभाऊ, तुमी कापसातले. एक इचारू? हसू नका."

"इचारा ना."

"बीजेच्या चांदाले आमी दशी वाहतो. पदराची. सुती पदराची वाहावी लागते का नायलॉनची चालते?"

उकंडराव गठ्ठ्यावरूनच म्हणाले, "चांद काय दुकानदार आहे का? कापड पाहून घेणार?"

"तुमी गप बसा हो." ती पुन्हा फकीर मोहम्मदकडे वळली. बीजेची कोर दिसली की तिच्या सासरी-माहेरी बाया पदरातला एक धागा ओढून चांदाकडे सोडत, *जुनं घे, नवं दे* म्हणत. आणि गात. तिनं हळू आवाजात म्हणून दाखवलं, जात्यावर बसल्यासारखं डोलत:

*बीजेचा चांद बाई, आला उघडाच दारी*
*माझ्या पदराची दशी, त्याले धोतराची किनारी*

"मांगच्या बीजेले मी रानात होती," ती म्हणाली. "अंगावर ही नायलॉनची साडी. दशी निघंना, दातानं तोडली. म्हटलं चांदोबा, सुनेचे दिवस भरले, नवं दे. अन् सोडली. सोडली अन्..." तिनं आवाज आणखी खाली आणला. "चांदाले जाळ लागला."

मागे मशीन रिकामीच, हळू फिरत होती; तिचं बटण फकीर मोहम्मदच्या हाताखाली होतं. त्यांनी ते बंद केलं. दुकानात एकदम इतकं शांत झालं की कापूस खाली बसतानाचाही आवाज यावा.

"भक्कन झालं अन् गेलं," रुखमाबाई सांगत होती. "माह्या मनात आलं, नायलॉन वाह्यलं म्हून जळलं. चांदोबा कोपला. आता सुनेचं काय होते माय! तोंडातून शब्द काढला नाई कोणापाशी. महिनाभर नांदुऱ्यात देवाचं नाव घेत बसली. आता लेकरू सुखरूप आलं तवा जीव भांड्यात पडला. तरी म्हटलं एकदा इचारून घ्यावं."

उकंडराव म्हणाले, "अन् मले सांगतलं नाई! मी टपरीवर..." आणि ते थांबले. त्यांच्या लक्षात आलं, टपरीवर ते कशावर हसले होते.

फकीर मोहम्मद उठू पाहत होते. "रुखमाबाई, ते कुठी..."

"अब्बा, थांबा!" गुलनाज ओरडली. सुई तिच्या हातातच होती. "एक शब्द बोलू नका. तुमी तिकडं भिंतीकडं तोंड करा."

"काऊन?"

"करा तुमी."

सासऱ्यानं सुनेचं ऐकलं. भिंतीकडे तोंड करून शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. गुलनाजने पिंजलेल्या कापसाचा एक गोल पेळू काढला, हातानं थोपटून भाकरीएवढा सपाट केला, रुखमाबाईपुढे ठेवला. खालच्या काठाला बोटानं चंद्रकोरीसारखी रेघ ओढली.

"काकू, हा चांद. ही खाली कोर. जाळ कुठी दिसला तिथं अंगठा दाबा."

रुखमाबाईनं मान तिरपी केली, डोळे बारीक केले. मग वरच्या बाजूला, जरा डाव्या हाताला, अंगठा दाबला. कापसात खळगा पडला.

गुलनाजने तो पेळू उचलून मागे नेला, त्यावर रुखमाबाईचंच लुगडं टाकलं. दुसरा पेळू थोपटला, तशीच कोर ओढली. "अब्बा, या आता. तुमी दाबा."

फकीर मोहम्मद वळले. त्यांनी रुखमाबाईकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं नाही. बराच वेळ त्या पांढऱ्या गोलाकडे पाहत राहिले. मग अंगठा टेकला. वर, जरा डाव्या हाताला.

गुलनाजने लुगडं काढलं आणि दोन्ही पेळू शेजारी शेजारी ठेवले. दोन चांद, दोन खळगे. एक अंगठा लहान, एक मोठा. जागा एकच.

आधी उकंडरावांनाच राहवलं नाही. "म्हंजे फकीरभाऊ बोलला ते खरं होतं?"

"तुमी काय बोलला होता, भाऊ?" रुखमाबाईला काहीच ठाऊक नव्हतं. गुलनाजने तिला सगळं सांगितलं, दगडाचं, हवा नसण्याचं, भोपळ्याचं. रुखमाबाई ऐकताना हळूहळू खाली बसली.

"म्हंजे माह्या दशीनं नाई जळला?"

फकीर मोहम्मद आता हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. "रुखमाबाई, नायलॉन असं जळत नाही. आखडते अन् गोळा होते. भक्कन पेटते ते सूत. ते नायलॉन राह्यलं असतं त चांदाले चिकटून बसलं असतं."

"लोणारले एवढा दगड पडला," उकंडराव म्हणाले, "तवा कोण गवाही होतं? तिथं कोणी नाई इचारत. आपल्या फकीरभाऊले इचारतात." असं म्हणून ते आपल्याच टपरीवरच्या बोलण्याचं प्रायश्चित्त घेत होते, हे सगळ्यांना कळलं.

गुलनाज म्हणाली, "तुमी टेकडीवर, काकू रानात. दोन जागा, दोन माणसं. आता मोजली जाईल."

"कोण मोजंल?"

"मी मोजली," ती म्हणाली.

तिनं त्या दूरच्या लोकांना पुन्हा निरोप पाठवला की नाही, ते फकीर मोहम्मदनी विचारलं नाही. त्यांनी दोन्ही पेळू एकमेकांवर ठेवले आणि नातवाच्या गादीत भरले. वरून हलकेच टाके घातले. गादी तयार झाली तेव्हा रुखमाबाई ती मांडीवर घेऊन थोपटत बसली आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं:

*चांदाले लागला गोटा, बाई, आवाज नाही झाला*
*दोन दारच्या डोळ्यांनी, त्याचा उजेड सांगितला*

चांदरातीला फकीर मोहम्मद टेकडीवर गेले. मोहल्ला आधीच जमला होता. आमीर मोबाईल उंच धरून गोल फिरत होता. त्यात चांद कुठल्या दिशेला आहे ते बाणानं दाखवत होतं, पण बाण कधी मावळतीकडे, कधी मशिदीच्या भोंग्याकडे वळत होता. पश्चिमेला धुरकट पट्टा होता, उन्हाळा लागायच्या आधीचा.

"चाचा, आले तुमी?" आमीर म्हणाला. त्याला उकंडरावांनी परवाच टपरीवर सगळं सांगितलं होतं, आपल्या पदरचं थोडं घालून. तो बाजूला सरला. "या, पुढं या. मांगून मले काई दिसत नाई."

फकीर मोहम्मद आपल्या जागेवर उभे राहिले. मागे कुजबुज थांबली. आकाश तांबूस होतं, मग करडं झालं. त्यांनी पट्ट्याच्या वर नजर ठेवली. एकदा वाटलं, दिसला. पापणी मिटली, उघडली. होता. पुन्हा नव्हता. हात मांडीजवळच राहिला. डोळा सांगत होता, आहे. डोळ्यामागचा माणूस म्हणत होता, थांब.

त्यांनी मान वळवली. टेकडीच्या खालच्या अंगाला, बांधावर, रुखमाबाई उभी होती. आज तिची बीज होती, यांचा चांद. अंगावर सुती लुगडं होतं. ती टेकडीकडे पाहत नव्हती, तिला तिथे कोण जमलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. ती आकाशाकडे पाहत होती. मग तिनं पदर हातात घेतला, एक धागा ओढला, तो अलगद निघाला, आणि तिनं तो मावळतीकडे सोडला.

फकीर मोहम्मदनी तिच्या नजरेची रेघ पाहिली. आपली रेघ पाहिली. दोन्ही एकाच जागी जात होत्या.

त्यांनी बोट वर केलं.

"कुठी, कुठी?" आमीर त्यांच्या खांद्याला गाल लावून पाहू लागला, लहानपणी पाहायचा तसा. "दिसला! दिसला, अरे दिसला!" आणि मागून बायांचा, पोरांचा गलबला उठला. कोणी दुआ म्हणू लागलं, कोणी फोन लावला, पोरं उड्या मारत खाली धावली.

वारा मावळतीचाच होता, बांधावरून टेकडीकडे येणारा. सगळे पांगल्यावर फकीर मोहम्मदच्या बाहीवर काही हललं. त्यांनी ते चिमटीत धरलं, डोळ्यांजवळ नेलं नाही. नुसतं दोन बोटांत फिरवून पाहिलं.

"सुती आहे," ते म्हणाले.